टोपणांची मोगरी

मंगळवारी सकाळी ओला आणि सुका असे दोन्ही डबे घेऊन मी दारात उभा होतो. कचरा न्यायला येणाऱ्या मावशी नेहमीच्या सवयीने सुका डबा उपडा करून बसल्या बसल्या निवडत होत्या. कागद इकडे, दुधाच्या पिशव्या तिकडे. पाण्याची एक रिकामी बाटली उचलून त्यांनी तिचं उघडं तोंड माझ्याकडे केलं आणि विचारलं, "काका, टोपनं कुठं जात्यात ओ तुमच्या बिल्डिंगची? दोन-तीन महिनं झालं, एकबी येईना." मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "मी घेतो मावशी ती. घरी वितळवून हत्यारं बनवतो त्यांची." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "हत्यारं? बरं." आणि पोतं खांद्यावर टाकून वरच्या मजल्याकडे गेल्या. त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता, कौतुकही नव्हतं. बस निघून गेल्यावर स्टँडवरचा माणूस ‘बरं’ म्हणतो आणि दुसऱ्या बसची वाट बघायला लागतो, तसं ते होतं. दिवसभर ते माझ्या कानातून गेलं नाही.

आमच्या इमारतीत छत्तीस घरं आहेत. तीन महिन्यांपूर्वी मी लिफ्टशेजारी एक जुनी बादली ठेवली आणि वर कागद चिकटवला : ‘बाटल्यांची टोपणं इथे टाका, फेकू नका.’ लोकांनी मनापासून साथ दिली. खालच्या हॉलमध्ये बारसं, मुंज, साखरपुडा काहीही असलं की दुसऱ्या दिवशी बादली शिगोशिग भरलेली. लहान मुलं पिशव्या घेऊन दारात यायची. कुणी लिफ्टमध्ये भेटलं की विचारायचं, "किती झाली?" मला फार बरं वाटायचं. आपण फेकली जाणारी वस्तू वाचवतोय, असं मी स्वतःला रोज सांगत होतो. मावशींच्या प्रश्नाने ते ‘फेकली जाणारी’ एकदम डगमगायला लागलं. आमच्या इमारतीतून टोपण फेकलं जातच नव्हतं. ते रोज सकाळी एका बाईच्या पोत्यात जात होतं, तिथून भंगारच्या दुकानात, तिथून दळणाऱ्याकडे आणि मग कुठल्याशा बादलीत किंवा पाइपात. मी ते मधल्यामध्ये उचललं होतं.

हा नाद लागला त्यालाही कारण होतं. नेदरलँड्समधल्या डेव्ह हाकन्स या तरुणाने २०१३ साली प्रेशस प्लॅस्टिक नावाने एक काम सुरू केलं. प्लॅस्टिक दळायची, वितळवायची, साच्यात दाबायची यंत्रं कशी करायची याचे नकाशे त्याने सगळ्यांसाठी खुले ठेवले. ते पाहताना माझ्या मनात एकच आलं : अण्णांना हे दाखवायला हवं होतं. अण्णा, माझे वडील, सुतार. वाईजवळच्या गावात बलुतं आटत गेलं तेव्हा ते पुण्यात आले आणि नाना पेठेतल्या फर्निचरच्या कारखान्यात लागले. त्यांच्या पेटीतली निम्मी हत्यारं त्यांनी स्वतः केलेली होती. पटाशीचं, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीचं, पातं विकत आणायचं, मूठ घरची. रंध्याचं पातं विकतचं, खोड घरचं. मोगरी, म्हणजे पटाशी ठोकायचा लाकडी हातोडा, तर विकत आणायची वस्तू आहे हेच त्यांना पटायचं नाही. बाभळीचा ओंडका कुठे पडलेला दिसला की ते थांबायचे, बुटाच्या टोकाने तो फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "यात एक मोगरी आहे."

मोगरीबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. मार खायचा तो मोगरीने खायचा, पटाशीच्या मुठीने नाही. म्हणून मोगरी मुठीपेक्षा थोडी मऊ हवी. ती झिजते, फुटते, दर दोन-चार वर्षांनी नवी करावी लागते, आणि तेच तिचं काम. लोखंडी हातोडीने पटाशी ठोकणाऱ्या पोराला ते ओरडायचे नाहीत. त्याच्या हातातून हातोडी काढून घ्यायचे आणि आपली मोगरी ठेवायचे. त्यांच्या शेवटच्या मोगरीचे दोन्ही गाल झिजून बशीसारखे खोल झाले होते, आणि उभी भेग गेली होती. अण्णा गेले त्याला आता नऊ वर्षं होतील. ती मोगरी मी वापरत नाही. पण मला हाताला एक हवी होती, आणि टोपणांचं प्लॅस्टिक लाकडाच्या पटाशीमुठीला जेमतेम दुखवेल इतकंच कडक असतं, हे वाचलं तेव्हा मी बादली ठेवली.

पहिला ठोकळा फुकट गेला. तो का गेला हे कळायला मला तीन आठवडे लागले.

टोपणं सगळी सारखीच दिसतात, पण ती दोन जातींची. काही एचडीपीईची, म्हणजे कडक पॉलिथिनची, काही पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची. आतल्या बाजूला त्रिकोणात २ किंवा ५ असा आकडा असतो, तोही सगळ्यांवर नसतो आणि असला तरी भिंगाशिवाय मला दिसत नाही. पाण्यात टाकून बघावं तर दोन्ही तरंगतात. बाटली बुडते, टोपण तरंगतं, इथपर्यंतच पाणी मदत करतं. एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं, पीपीला १६० च्या पुढे जावं लागतं. मी बाल्कनीत जुना छोटा ओव्हन मांडला. स्वयंपाकघरातून तो कायमचा हद्दपार केला होता आणि अन्नासाठी पुन्हा वापरायचा नाही असं घरात ठरलं होतं. दोन जाती एकत्र घालून मी तो १५० वर ठेवला. वरून सगळं छान विरघळल्यासारखं दिसलं. थंड झाल्यावर करवत चालवली तर आत पीपीची टोपणं चिवड्यातल्या खोबऱ्याच्या कापांसारखी जशीच्या तशी. दोन ठोके मारले आणि ठोकळा त्याच कापांवरून उकलला.

मग मी एकेक टोपण नखाने ओरखडून निवडायला लागलो. मेणासारखं लागतं, नखाचा ओरखडा उठतो, ते एचडीपीई. नख घसरतं ते पीपी. शंभर टोपणांना अर्धा-पाऊण तास जायचा. मोगरीच्या एका डोक्याला अडीचशेच्या आसपास टोपणं लागतात, वजन अर्धा किलो. धुवायची, आतली पातळ चकती असेल तर सुरीच्या टोकाने काढायची, सुकवायची. पीव्हीसीचा एकही तुकडा, म्हणजे पाइप, वायरीचं आवरण, काही काही, ओव्हनच्या जवळ येऊ द्यायचा नाही, कारण ते तापलं की आम्लाची वाफ सोडतं. दारं-खिडक्या सताड उघडी, तोंडाला मास्क, हातात वेल्डिंगचे चामडी हातमोजे. १७० अंशांवर वीसेक मिनिटांनी टोपणं आपला आकार सोडायला लागतात. आधी कडा खाली बसतात, मग गोल चपटे होतात, मग रंग एकमेकांत शिरतात. वास येतो विझलेल्या मेणबत्तीचा. जळका वास आला तर चुकलं समजायचं, बटण लगेच बंद.

बाहेर काढलेला तो गोळा हातात घेतला तेव्हाची गोष्ट मला नीट सांगता येत नाही. हातमोज्यातूनसुद्धा ऊब जाणवत होती. पुरण घट्ट व्हायला लागलं की पळी जशी जड होते तसा तो जड होता. पिळायचा, दुमडायचा, पुन्हा ओव्हनमध्ये, पुन्हा पिळायचा. निळ्या, पांढऱ्या, नारिंगी धारा एकमेकींत गुंतत जात. पन्नास-पंचावन्न वर्षं मी प्लॅस्टिक हातात घेतलं ते फक्त उघडायला आणि टाकायला. ते मळता येतं, त्याला घाई चालत नाही, त्याचं स्वतःचं म्हणणं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. सागवानी पेटीच्या साच्यात घालून वरून दोन क्लॅम्प आवळले. इथेही एक शिकलो. थंड होताना हे प्लॅस्टिक आकसतं, शंभरात दोन-तीन भाग तरी. क्लॅम्प एकदा आवळून झोपायला गेलं की सकाळी ठोकळ्याचं पोट आत गेलेलं असतं. दर पाच-दहा मिनिटांनी पाव फेरा आवळत तासभर बसून राहावं लागतं. त्या तासात करण्यासारखं दुसरं काही नसतं, आणि मला तो तास आवडायला लागला.

१९३३ साली इंग्लंडमध्ये नॉर्थविचच्या प्रयोगशाळेत भलत्याच प्रयोगात भांड्याच्या तळाशी पांढरा मेणासारखा पदार्थ सापडला, ते पहिलं पॉलिथिन. वीस वर्षांनी कार्ल झिग्लरने जर्मनीत तेच कमी दाबाखाली, जास्त कडक करून दाखवलं आणि पुढे १९६३ चं नोबेल इटलीच्या जुलिओ नात्ताबरोबर वाटून घेतलं. क्लॅम्पजवळ बसल्या बसल्या मला वाटायचं, एवढ्या बुद्धीने शोधलेली ही चिवट वस्तू, जिच्यावर पाण्याचा, आम्लाचा, बुरशीचा काहीच असर होत नाही, ती आपण पाच मिनिटांच्या तहानेसाठी वापरतो. तिची हयात आणि तिचं काम यांचा मेळच कुणी घातला नाही.

दांड्यापाशी पुन्हा अण्णा आठवले. बाभळीचा दांडा खालून घालून वरून पाचर मारली तर पहिल्या आठवड्यात घट्ट बसला, दुसऱ्या महिन्यात खुळखुळायला लागला. लाकूड पाचरीला दाबून धरतं. हे प्लॅस्टिक सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, जागा करून देतं. गोंद लावावा तर याला साधा कुठलाच गोंद धरत नाही. शेवटी कुदळ आठवली. कुदळीचा दांडा वरून घालतात, खाली निमुळता, वर जाड, म्हणजे प्रत्येक घावाबरोबर डोकं दांड्यावर अधिक घट्ट होत जातं. भोक तसं निमुळतं पाडलं, सावकाश, कारण ड्रिल जोरात फिरवलं की भोक कापलं जाण्याऐवजी वितळतं आणि लांबच लांब रिबिनी निघतात. ती मोगरी आजतागायत हललेली नाही. तिचा आवाज मात्र लाकडासारखा नाही. बाभळीची मोगरी ‘ठक्’ म्हणते, ही ‘थप्’. पाठीवर थाप मारल्यासारखी. दोन-तीन तास पटाशीचं काम केलं तरी खांदा भरून येत नाही.

मग आली खंडेनवमी. आई अजूनही अण्णांची हत्यारं पाटावर मांडते. रंधा, तीन पटाश्या, गुण्या, करवत, भेगाळलेली मोगरी. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मी माझी मोगरी त्या रांगेत शेवटी ठेवली. आई काही बोलली नाही. ओल्या बोटावर कुंकू घेऊन तिने सगळ्यांना लावलं, माझ्या मोगरीपाशी आली, बोट टेकवलं, आणि कुंकवाचा थेंब गोळा होऊन घसरून पाटावर पडला. तिने पुन्हा लावलं. पुन्हा घसरला. "याला काही लागतच नाही रे," ती म्हणाली. रागावून नाही, एखाद्या बाळाला ताप आहे का बघावा तसा पुन्हा हात लावून म्हणाली. मग तिने दांड्याला लावलं. लाकडाने ते लगेच पिऊन घेतलं. फूल मात्र तिने प्लॅस्टिकच्या डोक्यावरच ठेवलं.

गोंद धरत नाही, रंग धरत नाही, कुंकू धरत नाही. याच गुणामुळे मी फेव्हिकॉल खरवडायची पट्टी केली आहे. सांध्यातून बाहेर आलेला गोंद तिने ओढायचा आणि वाळू द्यायचा, पट्टी वाकवली की पापुद्रा आपोआप सुटतो. शिकंज्याला गाल केलेत, लाकूड धरताना वण पडत नाहीत. सगळं कामाचं आहे. तरी आईचं ते वाक्य मनात राहिलं. अण्णांच्या हत्यारांवर घाम, तेल, कुंकू, वर्षं, सगळं मुरलेलं आहे. हात कुठे धरायचे हे दांड्याकडे बघून कळतं. माझी मोगरी दोन वर्षांनीही पहिल्या दिवसासारखीच दिसेल. हे चांगलं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

आणि भुसा. लाकडाचा भुसा कुंडीत टाकला तरी चालतो. प्लॅस्टिकवर करवत चालवली की पांढुरके कण उडतात आणि अंगावरच्या लोकरीला, केसांना, हाताला विजेने चिकटून बसतात. पहिल्या दिवशी मी ते झाडून मोरीत सोडले. रात्री झोपताना लक्षात आलं की टोपण होतं तेव्हा ते निदान एखाद्या हाताला उचलता येत होतं. आता ते कुणालाच उचलता येणार नाही, आणि मुठा नदीतून पुढे कुठवर जाईल कोण जाणे. तेव्हापासून ओली चादर अंथरून करवत चालवतो, कण गोळा करून पुढच्या ठोकळ्यात घालतो, पॉलिशपेपर वापरत नाही, धारदार पातं ओढून साफ करतो. तरी सगळं गोळा होत असेल असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

मावशींनी विचारल्यावर हे सगळं एका धाग्यात यायला लागलं. पुढच्या मंगळवारी मी बादलीच त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "ही तुमची. माझं चुकलं." त्या दाराशी बसल्या, बादली फरशीवर ओतली आणि निवडायला लागल्या. मी बघत राहिलो. अंगठा आणि दोन बोटं यांत टोपण धरायचं, किंचित दाबायचं, डावीकडे किंवा उजवीकडे. शंका आली तर फरशीवर टाकायचं आणि आवाज ऐकायचा. माझं पाऊण तासाचं काम त्यांनी चार-पाच मिनिटांत उरकलं. वर पांढरी वेगळी, कारण पांढऱ्याला भाव जास्त. "ह्ये वाकतंय, ह्ये कुरकुर करतंय," एवढंच त्यांनी समजावलं. नंतर मी त्यातली उजवीकडची वीस टोपणं भिंगाखाली तपासली. ज्यांवर आकडा होता त्या सगळ्यांवर ५ होता.

त्यांच्या गळ्यात ओळखपत्र असतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, २००८ पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेमार्फत या बाया दारोदार येतात, हे पुण्यात कुणाला सांगायला नको. त्या नावाकडे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. कागद, काच, पत्रा. प्लॅस्टिक नावात नाहीच, आणि आज पोत्यात सगळ्यात जास्त जागा तेच खातं. २०१८ ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा आमच्या घरी कापडी पिशव्या आल्या. मावशींच्या घरी काय आलं, काय गेलं, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. आता विचारलं. म्हणाल्या, "पन्नी कमी झाली, पन्नीचं तसंबी काय येत न्हाई. टोपनाचं येतं. किलोला दोन चहा सुटत्यात." मी मनात हिशेब केला. तीन महिन्यांत चार-पाच किलो, म्हणजे आठ-दहा चहा. आकडा मोठा नाही. तो माझ्या दृष्टीने मोठा नाही एवढंच.

मी त्यांना ठोकळा दाखवला. त्यांनी नखाने वाजवला, हातात तोलला आणि म्हणाल्या, "रंग एकात कशाला केलं? आता ह्येला कोन घील?" मला तो संगमरवरासारखा दिसत होता, त्यांना बिघडलेला माल. दोन्ही खरं होतं. मी मोगरी दाखवली. ती त्यांनी उलटीपालटी केली, दांडा बघितला, "दांडा ब्येस हाय," म्हणाल्या. मी विचारलं, "तुम्हाला काही करून देऊ का?" "आमाला काय करायचं," म्हणून त्या गेल्या.

चार दिवसांनी त्याच म्हणाल्या. ओल्या कचऱ्याच्या ड्रमच्या तळाला शिळा भात, चहाचा चोथा, भाजीचं पाणी मिळून चिकटा बसतो. तो त्या पत्र्याच्या तुकड्याने खरवडतात. पत्रा गंजतो, आणि कडेने बोट कापतं. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी दाखवली. पांढऱ्या रेषा एकमेकींवर पडलेल्या होत्या. मी इतकी वर्षं त्या हातात डबा देत आलो होतो.

पहिलं खरवडणं मी सुबक केलं, गोल कडा, लांब मूठ. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत आणलं. कड जाड झाली होती, आणि लांब मूठ ड्रममध्ये आडवी येत होती. दुसऱ्याची कड पातळ केली तर ती वाकली. तिसऱ्या वेळी त्या स्वतःच खडूने फरशीवर ड्रमच्या तळाचा गोल काढून गेल्या. त्या गोलाला बसेल अशी कड, मधे जाड कणा, आणि मूठ वीतभरच. टोपणं मी त्यांच्याकडून विकत घेतली, भंगारवाल्याच्या भावाने. पांढरी द्यायला त्या तयार नव्हत्या. रंगीत घ्या म्हणाल्या, आणि निवडूनही त्यांनीच दिली.

साच्यातून काढलं तेव्हा मुठीजवळ एक निळं टोपण न वितळता तसंच राहिलेलं दिसलं, दातेरी कडेसकट पूर्ण गोल. मला वाईट वाटलं, पुन्हा करतो म्हटलं. मावशींनी ते हातात घेतलं, त्या निळ्या गोलावरून बोट फिरवलं आणि हसल्या. "ह्ये माज्याच हातनं सुटलं," म्हणाल्या, आणि खरवडणं घेऊन निघाल्या. काल सकाळी जिन्यावरून खाली पाहिलं, त्या ड्रमवर वाकून तळ घासत होत्या. अंगठा त्या निळ्या टोपणावर टेकलेला होता, दात्यांवर पकड घेऊन.